तुझ्या दुखण्याचं नाव

आई,

तुझ्या दुखण्याचं नाव मला कळलं. सव्वीस वर्षं उशिरा कळलं, आणि तेही माझ्या स्वतःच्या लघवीच्या बाटलीमुळे. हे वाचून तू आधी लाजलीच असतीस. "असलं कुणी पत्रात लिहितं का गं?" असं म्हणाली असतीस. पण सुरुवात तिथूनच होते, म्हणून तिथूनच लिहिते.

मी गाडीत बसले आहे. समोरच्या मैदानावर तुझी नात कॅमोगी खेळते आहे. लांब काठ्या घेऊन मुलींनी खेळायचा हा इथला खेळ, हॉकीपेक्षा बराच दांडगा. तू तिला पाहिलंच नाहीस. ती सोळा वर्षांची आहे, नाक तुझं आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर इथल्या कॉर्क शहराच्या हेलातल्या इंग्रजीत देते. आम्हाला इथे येऊन चौदा वर्षं झाली. मी औषधांच्या कारखान्यात आहे, क्वालिटी विभागात. एखादी बॅच बिघडली की ती नेमकी कुठे बिघडली, कोणत्या पायरीवर, कशामुळे, हे मागे मागे जात शोधायचं आणि लिहून काढायचं, हे माझं काम. तिथे कागदावर काही खोडता येत नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालची चूक वाचता आली पाहिजे. हे पत्रही मी तसंच लिहिते आहे. बऱ्याच रेघा झाल्या आहेत.

गेल्या जानेवारीत कारखान्यातल्या आम्ही चौघीजणींनी वजन उतरवायचं ठरवलं. सोळा तास उपाशी राहायचं आणि उरलेल्या आठ तासांत जेवायचं, अशी इथे टूम आहे. मी त्यांना म्हटलं, माझ्या आईने हे आयुष्यभर केलं, पण वजनासाठी नाही, देवासाठी. सगळ्या हसल्या. मीही हसले. तीन आठवड्यांत माझं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, मग कुठे ते सांगताच येईना. आतून कुणीतरी ओलं कापड पिळतंय आणि पीळ सोडतच नाही, असं. पाठ दुखे, मांड्या दुखत, अन्न राहीना, झोप नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरने ॲसिडिटीची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने मला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे खाटा शिल्लक नव्हत्या, त्या नसतातच, म्हणून मला कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर झोपवलं. येणारे-जाणारे पायाला घासून जात. स्कॅन झाला, रक्त तपासलं, सगळं साफ. तेव्हा एक तरुण डॉक्टर आला आणि हळू आवाजात विचारलं, "घरी काही ताण आहे का तुम्हाला?"

आई, तो चेहरा मला पाठ होता. आवाजातली ती मऊ शंका, कागदाकडे एकदा आणि आपल्याकडे एकदा बघणं. तुझ्यासमोर असे किती डॉक्टर उभे राहिले! मी ओरडून सांगितलं की ताण नाही, दुखतंय. मी जितकी ओरडले तितकं त्याचं मत पक्कं होत गेलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चांगला माणूस आहे, तीन दिवस झोपलेला नव्हता. पण क्षणभर त्याच्या डोळ्यांत मला बाबा दिसले.

मला वाचवलं ते एका नर्सने. केरी भागातली, साठीला आलेली, जाडजूड बाई. सकाळी माझ्याकडून लघवीची बाटली घेतली होती, तिच्यावर लेबल लावायचं राहिलं म्हणून ती खिडकीत ठेवली आणि विसरली. त्या दिवशी कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. दुपारी ती बाटली हातात घेऊन माझ्याजवळ आली. आतलं पाणी जांभळाच्या रसासारखं झालं होतं. "ही तुझीच ना गं?" तिने विचारलं. "सकाळी पिवळी होती. शपथेवर सांगते मी, पिवळी होती." मग स्वतःशीच म्हणाली, "असं मी एकदाच पाहिलंय, शिकत होते तेव्हा," आणि बाटली घेऊन तरातरा निघून गेली.

तासाभरात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. ट्रॉलीच्या कडेवर बसल्या. विचारलं, घरात आणखी कुणाला असं दुखायचं? मी म्हटलं, आईला. ती आहे का? नाही. किती वर्षांची होती? त्रेचाळीस. कशाने गेली? आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांची, बिघाडाचं मूळ शोधण्याचा पगार घेणारी बाई, म्हणाले, "लोक म्हणायचे, तिच्या डोक्याचं होतं." त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी. मला नाही वाटत तसं होतं."

पॉर्फिरिया. हे तुझं दुखणं. त्यातला जो प्रकार अधूनमधून उसळतो, तो. तुला समजेल असं सांगायचा प्रयत्न करते. रक्ताला लाल रंग देणारा एक पदार्थ असतो, हेम. मधोमध लोखंडाचा कण आणि त्याभोवती कडं. तो बाहेरून मिळत नाही, शरीर स्वतः घडवतं, एकापुढे एक आठ पायऱ्यांनी. हाडांच्या पोकळीत घडतो तो रक्तासाठी, आणि यकृतात घडतो तो यकृताच्या स्वतःच्या कामासाठी, औषधं आणि विषं निस्तरायला. तुझ्याकडून माझ्याकडे आलेली गोष्ट म्हणजे, आपली तिसरी पायरी निम्म्या ताकदीची आहे. एरवी निम्मीही पुरते. म्हणून तू महिनोन्महिने ठणठणीत असायचीस आणि म्हणूनच कुणाचा तुझ्यावर विश्वास बसायचा नाही. पण पोट उपाशी राहिलं की यकृत पहिली पायरी जोरात चालवायला लागतं. पाळीच्या आधी तसंच होतं, काही औषधांनीही तसंच. वरून माल येत राहतो, तिसऱ्या पायरीवर तुंबतो, आणि तो अर्धाकच्चा माल रक्तात उतरून नसांना डसतो. पोटाच्या नसा, हातापायांच्या, मेंदूलाही सोडत नाही. उरलेला लघवीतून बाहेर पडतो आणि उजेडात ठेवला की लालकाळा होतो. साखर पोटात गेली की पहिली पायरी मंदावते. म्हणून मला आधी ग्लुकोज लावलं, मग चार दिवस रोज एक काळपट सलाईन. ते हेमच होतं, दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेलं. बाहेरून तयार हेम मिळालं की यकृत शांत होतं. दुसऱ्या दिवशी दुखणं उतरलं, आणि मी रडायला लागले. नर्सने विचारलं, "काय झालं गं, अजून दुखतंय?" मी नकारार्थी मान हलवली. तिला काय सांगणार होते? मला साखरेचा डबा आठवला होता.

मी आठवीत आहे. श्रावणातला सोमवार. तुझे उपास कडक, साबुदाणाही नाही, दिवसभर नुसतं पाणी आणि संध्याकाळी एकदा जेवण. मी शाळेतून लवकर येते, तर तू स्वयंपाकघरात दाराच्या मागे उभी आहेस, भिंतीला टेकून. हातात साखरेचा डबा. चमच्यामागून चमचा कोरडी साखर तोंडात टाकते आहेस, आणि डोळ्यांतून पाणी चाललंय. मी म्हणते, "आई, आज उपास ना तुझा?" तू दचकतेस. ओठांवरची साखर पदराने पुसतेस. "कुणाला सांगू नको हं," तू म्हणतेस. "साखर खाल्ली की पोटातलं जरा बसतं गं."

मी सांगितलं. आपल्या क्वार्टरमध्ये तेव्हा आत्या राहायच्या, बाबांची मोठी बहीण, अमरावतीकडच्या. त्या गॅलरीत वाती वळत होत्या. मी सरळ त्यांच्याकडे गेले. का, ते मला पक्कं आठवतं. आदल्या आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले होते, आणि पोट दुखतं म्हणून तू आली नव्हतीस. मला वाटायचं, तुझं दुखणं बरोबर माझ्याच वेळी येतं. आत्या उठून आत आल्या. "पोटात कळा, पोटात कळा म्हणते, अन् चोरून साखर खाते! काऊन वं, देवाशी बी नाटकं करून राह्यली का तू?"  संध्याकाळी बाबांनी डबा उचलून कपाटावर ठेवला, तुझा हात पोचणार नाही असा. ते रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "लहान पोरीसमोर तरी." मग आत्यांनी तुला मंगळवारही धरायला लावला, देव कोपला असेल म्हणून. दुखलं की उपास, उपासाने दुखणं, त्यावर आणखी उपास. तुझ्या शरीराला आपलं औषध कळलं होतं, आणि ते आम्ही कपाटावर ठेवलं.

तू बालवाडीत शिकवायचीस. बरी असलीस की तुझ्या वर्गाचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. मग चार-पाच दिवस तुझ्या जागी दुसऱ्या बाई, आणि पालक विचारायचे, "बाईंना नेमकं काय होतं?" काय होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पोटाचा फोटो काढला, अपेंडिक्स काढलं, तेही विनाकारण. शेवटी बाबांनी तुला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिस्टेरिया असा शब्द लिहिला आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्या सुरू झाल्यावर तुझी दुखणी वाढली. तेव्हा गोळ्याही वाढवल्या. तू त्या नेमाने घेतल्यास. तू सगळ्यांचं ऐकत गेलीस.

आता लिहिते आहे ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होते. पहिल्या वर्षाची परीक्षा होती. एप्रिल, नागपूरचं ऊन, कूलरचा घरघराट, आणि तू बाहेरच्या खोलीत दिवाणावर पोट धरून पडलेली. तू म्हणालीस, "मोठ्याने वाच. आवाज असला की बरं वाटतं." मी वाचू लागले. हेमच्या आठ पायऱ्या, घोकायलाच घेतल्या होत्या मी त्या. तिसऱ्या पायरीशी आले आणि पॉर्फोबिलिनोजेन असा शब्द उच्चारला. त्या तशा वेदनेत तुला हसू आलं. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. "हे तर राक्षसाचं नाव वाटतं," तू म्हणालीस, "पोर्फो... बिली... बाई गं," आणि हसता हसता पुन्हा कळ आली तशी उशी तोंडात धरलीस. मी पुढे वाचत राहिले. प्रकरणाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक चौकट होती, या पायऱ्या बिघडल्या तर होणाऱ्या रोगांची. पोटात असह्य वेदना, मनोविकाराचा भास, उजेडात काळी पडणारी लघवी. ती मी वाचली नाही. सरांनी सांगितलं होतं, चौकटी सोडून द्या, ते मेडिकलवाल्यांचं. परीक्षेत हाच प्रश्न आला आणि मी आठही पायऱ्या आकृतीसकट लिहिल्या. ती चौकट मी गेल्या मार्चमध्ये वाचली. ते पुस्तक मी इथपर्यंत आणलेलं आहे, मुलीच्या खोलीतल्या कपाटात होतं. पेन्सिलीने माझ्याच हाताने चौकटीवर फुली मारलेली आहे.

त्याच वर्षीच्या नवरात्रात तू नऊ दिवसांचे उपास धरलेस. कुणी सांगितलं नव्हतं. आत्याही तेव्हा अमरावतीला परत गेल्या होत्या. "एकदाचे नऊ दिवस मनापासून करते, म्हणजे यातून सुटेन," असं तूच म्हणालीस. दिवसातून एक कप दूध. सहाव्या दिवशी सुरू झालं, आणि या वेळी ते थांबलं नाही. चार दिवस तू झोपली नाहीस. मग खोलीत नसलेल्या मुलांशी बोलायला लागलीस, बालवाडीतल्या. रांगेत बसा रे, डबे उघडू नका. दवाखान्यात नेल्यावर तुला फिट आली. बाबांनी पाय धरले, मी हात. तू बारीक होतीस, पण त्या वेळी तुझ्यात कुठून जोर आला कोण जाणे. मी इतकं घट्ट धरलं की तुझ्या मनगटापासून कोपरापर्यंत माझ्या बोटांचे वळ उठले. मग इंजेक्शन दिलं, झोपेचं आणि फिटचं एकच, जे या आजारात कधी द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी तुला पाय उचलेनात. तिसऱ्या दिवशी हात. मग आवाज घोगरा झाला, मग गेलाच. तू नुसती बघायचीस. तुला सगळं कळत होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. अकराव्या दिवशी श्वास थांबला. कागदावर त्यांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं.

तुला शेवटची आंघोळ घालताना मी तुझे हात पाहिले. वळ अजून होते, हिरवट झालेले. जुनं रक्त शरीर कसं मोडतं तेही मी परीक्षेला वाचलं होतं. हेमचं कडं एका ठिकाणी तुटतं, त्यातून आधी हिरवा रंग निघतो, मग त्याचा पिवळा होतो, आणि तो पित्तातून निघून जातो. मार बसलेली जागा जांभळी, हिरवी, पिवळी होत जाते ती म्हणून. तुझे हिरव्यावरच थांबले होते. गेल्या फेब्रुवारीत सुईने माझा हात काळानिळा झाला, तो मी रोज बघायचे. हिरवा झाला, पिवळा झाला, आणि एक दिवस बसस्टॉपवर उभी असताना बाही वर करून पाहिलं तर काहीच नव्हतं. किती साधी गोष्ट! मला तिथेच खाली बसावं लागलं. एक म्हातारी जवळ आली, "आर यू ऑल राइट, गर्ल?" म्हणून खांद्यावर हात ठेवून बस येईपर्यंत उभी राहिली.

मुलीची तपासणी आम्ही मे महिन्यात केली. अर्धी शक्यता असते. निकाल सांगायला समुपदेशकबाईंनी आम्हाला तिघांनाही बोलावलं, तेव्हाच मला समजलं. आहे. तिच्यातही आहे. बाईंनी खूप समजावलं, की बहुतेकांना आयुष्यात एकदाही त्रास होत नाही, आधीच माहीत असणं हीच मोठी गोष्ट आहे. उपाशी राहायचं नाही, कुठलंही औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, जवळ कार्ड ठेवायचं. नवरा टेबलाकडे बघत होता. पोरगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सो नो डाएट्स, एव्हर? ग्रँड." बाई हसल्या. गाडीत बसल्यावर मात्र तिने मागच्या सीटवरून विचारलं, "आई, डिड युअर मम नो?" मी म्हटलं, नाही. "डिड एनीवन बिलीव्ह हर?"  सिग्नल लागला, सुटला. मी म्हटलं, नाही गं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिने दोन टोस्ट केले, जाड जॅम लावलं, एक स्वतः खाल्ला आणि एक माझ्यापुढे ठेवला.

मग बाबांना सांगायचं उरलं. ते एकोणऐंशीचे आहेत आता. नागपुरातच, एकटे. सकाळी एक बाई येऊन पोळीभाजी करून जातात. नवऱ्याचं मत होतं की सांगू नये, या वयात कशाला. पण मला वाटलं, तुझ्यावरचा तो डाग त्यांच्यासमोर तरी पुसला जावा. त्या रविवारी व्हिडिओवर मी सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच. ते कान पुढे करून ऐकत होते.  मग म्हणाले, "म्हणजे तिला खरंच दुखत होतं."

"हो, बाबा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी फोन खाली ठेवला. मला नुसतं छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. मी हाका मारत राहिले. पाचेक मिनिटांनी पुन्हा चेहरा आला, तोंड धुतलेलं. "मी तिला एकदा सगळ्यांसमोर म्हणालो होतो, नाटकं पुरे आता," ते म्हणाले. "तुझ्या मामाच्या घरी. ती उठून भांडी घासायला गेली." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "एक विचारू? खरं सांग. ते इंजेक्शन. मीच सिस्टरला म्हणालो होतो ना, हिला झोपेचं काहीतरी द्या, बघवत नाही म्हणून. त्याने तर नाही ना…?"

"नाही, बाबा. त्याचा काही संबंध नव्हता. ती तशीही वाचली नसती."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, मला कळलं नाही. त्या दिवसापासून ते दर रविवारी काही ना काही विचारतात, पण हे पुन्हा विचारलेलं नाही. पोळीभाजीच्या बाई सांगत होत्या, हल्ली नीट जेवत नाहीत, सोमवारी तर काहीच घेत नाहीत.

शिट्टी झाली आहे. मुली मैदानातून परत येताहेत, चिखलाने माखलेल्या, एकमेकींच्या अंगावर ओरडत. आता लिहायला थोडाच वेळ आहे, त्यामुळे रेघा न मारता लिहिते. संबंध होता, आई. आणि बाबांनी सिस्टरला काहीच सांगितलं नव्हतं. ते तेव्हा खाली चहा आणायला गेले होते. तुझी फिट थांबली होती, तू नुसती कण्हत होतीस, त्या मुलांना हाका मारत होतीस. चार दिवसांत माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी कॉरिडॉरमधून पळत सिस्टरच्या टेबलापर्यंत गेले आणि म्हणाले, हिला झोपवा, काहीही द्या पण गप्प करा. गप्प करा, हेच शब्द. बाबा चहा घेऊन आले तोवर सुई टोचून झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कसं कुणास ठाऊक स्वतःवर घेतलं, आणि त्या रविवारी मी त्यांना म्हणू शकले असते की बाबा, तुम्ही तिथे नव्हता. मी म्हटलं नाही.

तुझा पत्ता असता, तरी हे मी पोस्टात टाकलं नसतं. आपल्या घरी आलेली पत्रं बाबाच उघडायचे.